मीटरची खोळ

टेलरबाई,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. बावीस वर्षं एका जिन्यात राहिलो, तुम्ही खाली, मी वर. काही सांगायचं झालं की मी कठड्यावरून वाकून हाक मारायची आणि तुम्ही मशीन न थांबवता ‘ऐकतेय’ म्हणायचं. तुम्ही गेलात त्याला आता पाच महिने झाले. लोक म्हणतात, किरणोत्सर्गानं गेल्या. तुम्ही रक्तदाबानं गेलात. गोळ्या घेत नव्हतात, मी दहादा बोलले होते. मेलेल्या माणसाला हौतात्म्य चिकटवायची लोकांना फार हौस, आणि तुम्हाला ते बिलकुल रुचलं नसतं.

पण ज्यांनी तुम्हाला पाहिलंच नाही त्यांना नीट सांगायला हवं. तेव्हा थोडा वेळ बाजूच्या स्टुलावर बसा आणि मध्ये बोलू नका.

टेलरबाईंचं दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. खिडकीशी पायमशीन, भिंतीवर खिळ्याला अडकवलेले कापड कापायचे कागदी बेत, कोपऱ्यात चिंध्यांचं पोतं. शाळेचे गणवेश हा मुख्य धंदा. रस्त्यानं पोर जाताना दिसलं की त्याचं नाव त्यांना आठवायचं नाही, पण ‘बाही सोळा, उजवा खांदा पडका’ हे ताबडतोब तोंडात. नवरा फार लवकर गेला. एकच मुलगा, तो ट्रकवर ड्रायव्हर. सूनबाई बेकरीत पाकिटं भरायच्या कामाला. आणि सात वर्षांची नात. आजीच्या मशीनखाली बसून बटणं रंगाप्रमाणे लावण्यात तिचं सगळं लहानपण गेलं, म्हणून तिचं नावच बटण पडलं.

अणुवीज प्रकल्प आमच्यापासून एकोणीस किलोमीटरवर. तिथे स्फोट झाला तेव्हा दीड दिवस वारा आमच्याकडे वाहत होता. आधी घरं सोडा म्हणाले, दोन महिन्यांनी परत या म्हणाले. परत आलो तर शाळेला कुलूप. वर्ग नदीपलीकडच्या एका सभागृहात भरवायचे, आणि शाळेचं आवार सुरक्षित ठरलं की पोरांना परत आणायचं, असं ठरलेलं. त्यासाठी रोज सकाळी एक सरकारी माणूस यायचा, आवाराच्या मधोमध सिमेंटवर उभा राहायचा, हातातला मीटर बघायचा आणि फाटकावरच्या फळ्यावर आकडा लिहून जायचा. आकडा नेहमी शहाण्यासारखा वागायचा.

शाळा समोरच, टेलरबाई चार दिवस खिडकीतून ते बघत राहिल्या. पाचव्या दिवशी बाहेर गेल्या.

“साहेब, तुम्ही हा कमरेशी धरता.”

“नियम आहे, बाई. जमिनीपासून एक मीटर.”

“तुमच्या कमरेशी. पहिलीतलं पोर खाली बसलं की त्याचं तोंड दीड फुटावर येतं. आणि पोरं मधोमध बसतात का कधी? उन्हात?”

“मग कुठे बसतात?”

“पन्हाळीखाली. सावली असते तिथे. सगळ्या छपराचं पाणी तिथेच पडतं.”

सरकारी माणूस हसला, त्यानं आकडा लिहिला आणि तो गेला.

त्या संध्याकाळी टेलरबाईंच्या पुढच्या खोलीत आमची समिती जन्माला आली. समिती म्हणजे टेलरबाई, तळमजल्यावरचे निवृत्त बस कंडक्टर आणि फुकटचे सल्ले द्यायला मी, सगळ्यांची ‘मॅडम’. औषधाच्या दुकानदारानं ओळखीतून एक मीटर मागवून दिला, साबणाच्या वडीएवढा, टिकटिक करणारा. टेलरबाई टेपनं जमिनीपासून उंची मोजायच्या, मीटर तिथे धरायच्या, आकडा ओरडायच्या, आणि कंडक्टर वहीत लिहायचे. मोजायच्या त्या पोरांच्या मापानं. पहिलीची उंची, तिसरीची उंची, बसलेलं पोर, पालथं पडलेलं पोर. घसरगुंडीच्या पायथ्याशी, नळाशी, पन्हाळीखालच्या कोपऱ्यात. जगात कुठल्या शास्त्रज्ञानं असं मोजलं असेल तर मला दाखवा.

“अकरा,” टेलरबाई ओरडायच्या.

“अकरा. पुढे चला, पुढे चला,” कंडक्टर म्हणायचे. पस्तीस वर्षांची सवय.

“भाऊ, इथे कुणी लोंबकळत नाहीये.”

“तुमचा आवाज मागच्या सीटपर्यंत पोचत नाही, बाई. मी काय करू.”

पन्हाळीखालचा कोपरा पहिल्या दिवसापासून वाईट होता. मर्यादेच्या दुप्पट. टेलरबाईंचं म्हणणं एवढंच होतं, त्या कोपऱ्यातली माती उकरून न्या, मगच शाळा उघडा. कारण शाळा उघडली की बटण तिथेच जाऊन बसणार. ती कुठे बसायची हे आजीला ठाऊक होतं. त्याच जागेवर तिच्या तीन स्कर्टांचे मागचे भाग झिजले होते.

एकदा मीटर त्यांच्या हातून निसटला, गटाराच्या कडेला आपटला. त्याला खोळ हवी, असं टेलरबाईंनी जाहीर केलं. त्याच सुमारास प्रकल्पातला मलबा उपसायचं काम सुरू झालं होतं, आणि मुलगा त्या ट्रकवर लागला होता. नाही म्हणायला दुसरं काम नव्हतंच. मलब्यावर टाकायच्या जाड निळ्या ताडपत्रीचा एक तुकडा त्यानं घरी आणला.

“गुंडाळीचं शेवटचं टोक आहे, आई. कोरं. फेकून देत होते.”

कोरं खरंच होतं. फक्त ते दोन आठवडे ट्रकच्या सीटमागे पडलेलं होतं. हे त्यानं सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं आहे असं त्याला वाटलं नाही. टेलरबाईंनी कापड बोटांत चोळून पाहिलं, उजेडाकडे धरलं. असलं कापड हाताला लागलं की ही बाई खूश. वीतभर चांगलं कापड वाया गेलं तर त्यांना जेवण जात नसे. मीटरला त्यांनी बेतून खोळ शिवली, आकडा दिसायला पुढे पारदर्शक प्लास्टिकची खिडकी, गळ्यात अडकवायला पट्टा. दुहेरी शिलाई.

पुढच्या आठवड्यात सगळेच आकडे चढले.

“मलबा उपसतायत ना,” कंडक्टर म्हणाले. “ट्रकची धूळ आहे ही.”

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात मीही होते, आणि मी एकतीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलंय.

सात महिने टेलरबाई डोळ्यांत तेल घालून मोजत राहिल्या. तीन वह्या भरल्या. अखेर शिक्षण कार्यालयानं सभा बोलावली. शाळा उघडायची की नाही, त्याच दिवशी ठरणार होतं. टेलरबाईंनी स्वतःचा चांगला कोट इस्त्री केला आणि वह्यांना तपकिरी कागदाची कव्हरं घातली.

कार्यालयाचा इंजिनियर तरुण होता, नम्र होता. अशा माणसाशी भांडताही येत नाही. त्यानं आपला मीटर टेबलावर ठेवला आणि टेलरबाईंना त्यांचा शेजारी ठेवायला सांगितलं. त्याचा चौदा दाखवत होता, यांचा एकतीस. शंभर पालक माना उंचावून बघत होते. इंजिनियरनं जरा विचार केला आणि खोळीचं बटण काढून मीटर बाहेर घेतला. त्याचा आकडा खाली येत येत चौदावर थांबला. मग त्यानं आपला मीटर त्या रिकाम्या खोळीजवळ नेला, तर तो तडतडायला लागला.

मागून कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. त्यात दुष्टावा नव्हता. सात महिने घाबरून बसलेल्या माणसांना हसायला कारण हवं होतं.

“बाई, हे कापड कुठलं?” इंजिनियरनं हळू आवाजात विचारलं.

कंडक्टरांना वाटलं, अपमान झाला म्हणून टेलरबाई गप्प बसल्या. अपमान त्यांच्या गावीही नव्हता. त्या मनातल्या मनात तो निळा तुकडा पुन्हा जमिनीवर पसरून बघत होत्या. एवढी खोळ. एवढा पट्टा. आणि उरलेलं सगळं बटणच्या दप्तराला.

“किती वाजले?” त्यांनी विचारलं.

“पावणेएक,” कंडक्टर म्हणाले. “बाई, बसा जरा. मॅडम बोलतील आता.”

वह्या टेबलावरच टाकून टेलरबाई निघाल्या. त्या वयात, त्या गुडघ्यांनी, नदीच्या पुलापर्यंत चालत गेल्या. पोरं पलीकडच्या सभागृहातल्या वर्गांतून परत येत होती. बटण कठड्याला टेकून खाली बसली होती, दप्तर मांडीवर, हनुवटी दप्तरावर. रोज अशीच बसायची. घरी गोष्ट ऐकताना ते डोक्याखाली घ्यायची, कारण उशी मऊ होती आणि तिला टणक आवडायचं.

“काढ ते,” टेलरबाई म्हणाल्या.

“आजी, पुस्तकं आहेत आत.”

“राहू देत. काढ.”

त्यांनी दप्तर काठीनं ढकलत पुलाच्या टोकाला नेलं. बटण रडली. पुस्तकांसाठी नाही, आजीच्या चेहऱ्याला घाबरून.

लपवायचा प्रश्नच नव्हता, त्या बाईला लपवता येत नसे. संध्याकाळी सूनबाई घरी आल्या तेव्हा टेलरबाईंनी सगळं सांगून टाकलं. सूनबाई बराच वेळ हातावरचं पीठ झटकत राहिल्या.

“सात महिने,” त्या म्हणाल्या, “तुम्ही गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या उंचीनं मोजलंत, आई. घरात एकदाही मीटर लावून पाहिला नाहीत.”

“कापड मी आणलं,” मुलगा म्हणाला.

“शिवलं मी,” टेलरबाई म्हणाल्या.

“तुम्ही दोघं वाटून घ्या काय ते,” सूनबाई म्हणाल्या. त्यांनी बटणला हॉस्पिटलात नेऊन शरीरातल्या किरणोत्सर्गाची तपासणी करून घेतली आणि चौथ्या दिवशी तिला घेऊन माहेरी गेल्या. रिपोर्टसाठी थांबल्या नाहीत. रिपोर्ट चांगला असो नाहीतर वाईट, आपण या घरात परत येणार नाही, हे त्यांनी जिन्यात उभं राहून सांगितलं, शांतपणे, भाजीचा भाव सांगावा तसं.

सभेच्या रात्री मी टेबलावर राहिलेल्या तीनही वह्या घेऊन बसले होते. खोळीमुळे पडलेला जादा आकडा प्रत्येक नोंदीतून वजा केला. पन्हाळीखालचा कोपरा तरीही मर्यादेच्या दुप्पटच निघाला, अगदी पहिल्या दिवसासारखा. म्हणजे टेलरबाईंचं खरंच होतं. कंडक्टर तो कागद घेऊन कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनानं दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले. “आधीचा चुकला म्हणता,” तो म्हणाला, “मग हा कशावरून बरोबर?” सोमवारी शाळा उघडली. कोपऱ्यात त्यांनी चार कुंड्या ठेवल्या आहेत. पोरं कुंड्यांच्या मागे बसतात.

टेलरबाईंनी मीटर कंडक्टरांना देऊन टाकला. गणवेश शिवत राहिल्या. कापड आलं की आधी बाहेर दोरीवर टाकायच्या, दोन दोन दिवस तसंच. गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडे जायला लागलं. मुलगा ट्रकवरच होता. आठवड्यातून एकदा सासरी जायचा, फाटकाशी उभा राहून मुलीशी बोलायचा आणि यायचा. ‘आजी कशी आहे’ असं बटण विचारते, एवढं तो सांगायचा. खरं की खोटं, कोण जाणे.

बस, टेलरबाई. उठा आता स्टुलावरून. पुढचं आपल्या दोघींतलं आहे.

तपासणीची पावती सूनबाई मुलाकडे टाकून गेल्या होत्या, आणि मुलानं ती तुमच्या मशीनच्या खणात ठेवली, कारण त्याला ती खिशात सहन होत नव्हती. पावती दाखवली की खिडकीवर कुणालाही रिपोर्ट मिळतो. तुम्ही दोनदा हॉस्पिटलच्या दारापर्यंत जाऊन परत आलात. मग एका दुपारी जिना चढून माझ्याकडे आलात. गुडघे दुखत होते म्हणून मध्ये दोनदा बसलात, ते मला वरून ऐकू आलं.

“मॅडम, तुम्हाला आकडे कळतात,” तुम्ही म्हणालात. “तुम्ही आणा. आधी तुम्ही वाचा. वाईट असेल तर लगेच सांगा, चांगला असेल तर सावकाश सांगितलं तरी चालेल.”

मी म्हटलं, गुरुवारी जाते.

गुरुवारी पाऊस होता. पुढच्या गुरुवारी माझा दात. त्यानंतर तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हटलं, खिडकी बंद होती. टेलरबाई, खिडकी बंद नव्हती. मी त्या रस्त्याला गेलेच नव्हते. तुम्ही तोंडानं पुन्हा कधी विचारलं नाहीत, पण जिन्यात भेटलात की आधी माझ्या हाताकडे बघायचात, पिशवीकडे, मग चेहऱ्याकडे. असं चार महिने चाललं.

खिडकी सोमवारी आणि गुरुवारी दहा ते एक उघडी असते. रिपोर्ट वर्षभर ठेवतात, वर्षाला अजून सात आठवडे आहेत. पावती माझ्या टेबलावर पेपरवेटखाली आहे. आज गुरुवार, साडेअकरा वाजलेत, आणि मी हे लिहीत बसले आहे.