ताईंना मी खोटं सांगितलं होतं

मंगळवारी सकाळी दुसऱ्या तासाला माझा फोन वाजला. वर्गात फोन घ्यायचा नाही, हा नियम आमच्या शाळेत सगळ्यात मोठ्या आवाजात मीच सांगत असते. तरी घेतला, कारण स्क्रीनवर सबाचं नाव होतं आणि सबा एरवी फोन करत नाही, मेसेज टाकते. "वैशाली मावशी, अम्मी गेली," ती म्हणाली. पहाटेची नमाज पढली, चहा घेतला, कामाच्या टेबलाशी जाऊन बसली आणि तिथेच… मी काय म्हणावं तिला? "असं कसं? मी शनिवारी येणार आहे त्यांच्याकडे." जणू काही माझी वेळ ठरलेली आहे म्हटल्यावर मरणाने थांबायला हवं होतं. समोर तिसरीची मुलं नकाशात वाळवंट रंगवत होती, आणि मी खडू हातात धरून उभी होते. मला रडू आलं नाही. आज पाच आठवडे झाले, अजून नीटसं आलेलं नाही. डोक्यात एकच वाक्य फिरत राहिलं, की आता सांगायचं कुणाला?

सबाची अम्मी म्हणजे माझ्या ताई, डॉ. जुलेखा पावसकर. हे नाव वाचकांपैकी थोड्यांनाच माहीत असेल. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या एका गावातली ही मुलगी, गावच्या मराठी शाळेत शिकली, मुंबईत बी.एड. झाली आणि शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाऊन शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करून आली. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा प्रश्न ऐकायला सोपा होता: शाळेत 'हे मूल मंद आहे, याला वेगळ्या वर्गात घाला' असं ज्या मुलांबद्दल म्हटलं जातं, ती कुठल्या रंगाची असतात, कुठल्या देशाची असतात? ज्यांना खरोखर विशेष शिक्षण हवं त्यांना ते मिळावं म्हणून त्या भांडत, आणि ज्यांना नको त्यांना तिथे ढकलू नये म्हणून त्याहून जास्त भांडत. इथे शारजातल्या एका कॉलेजात त्या शिक्षकांना शिकवायला आल्या त्याला वीसेक वर्षं झाली. इथल्या अल मजाज भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये तीन मजले वर राहायच्या. लिफ्टमध्ये मी मुलाला मराठीत दटावत होते आणि तो इंग्रजीत उत्तरं देत होता, ते ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दटाव गो, निदान दटावणं तरी मराठीत राहू दे." तिथून ओळख झाली. पुढे दर शुक्रवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला जाऊ लागले. हसनभाई, म्हणजे त्यांचे मिस्टर, तेव्हा होते. ते चहा करायचे आणि आम्ही बोलायचो, हा त्या घरातला शिरस्ता होता.

बोलायचो म्हणजे बहुतेक वेळा मी तक्रार करायची. माझ्या शेजारच्या वर्गाची बाई गोरी होती, माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, आणि तेच पुस्तक शिकवून तिला माझ्या दुप्पट पगार होता, कारण पासपोर्ट. हे दुःख मी ताईंना इतक्या वेळा ऐकवलं असेल की हसनभाई चहाचा कप ठेवतानाच म्हणायचे, "आज पासपोर्ट का?" ताई मात्र दरवेळी नीट ऐकून घ्यायच्या. २००९च्या जानेवारीत अशाच एका शुक्रवारी त्या म्हणाल्या, "तुझ्या रागाचं मला कौतुक आहे. आता एक कर. गेल्या दोन वर्षांत तू किती मुलांचे फॉर्म भरलेस, ते घेऊन ये." वेगळ्या वर्गाची शिफारस करायची असली की वर्गशिक्षिकेने एक फॉर्म भरायचा असे. त्याच्या माझ्याकडे प्रती होत्या. आणि ज्यांच्याबद्दल 'थोडा वेळ द्यावा' असं लिहिलं, त्यांचेही कागद होते. मी अगदी उत्साहाने फाईल नेली. मला वाटलं, कामाची शाबासकी मिळणार.

ताईंनी चहाचं सामान बाजूला करून टेबलावर दोन चळती लावायला सांगितल्या. एका बाजूला ज्यांना मी पाठवलं, दुसऱ्या बाजूला ज्यांना मी वेळ दिला. "आता नुसते फोटो बघ. काही वाचू नको," म्हणाल्या. मी बघितलं… डावीकडच्या चळतीत एकही गोरा चेहरा नव्हता. उजवीकडे गोरे होते, गव्हाळ होते, आणि आपल्याच लोकांमधले चांगल्या नोकरीवाल्यांचे होते. मग त्यांनी दोन कागद काढून शेजारी शेजारी ठेवले. एक मारियाचा, युरोपातून आलेली मुलगी, इंग्रजीचा शब्द येत नव्हता. एक हलीमाचा, सुदानमधून आलेली, तिलाही इंग्रजीचा शब्द येत नव्हता. दोघी सात वर्षांच्या, दोघी दुसरीत. मारियाबद्दल मी लिहिलं होतं, 'रुळायला वेळ लागेल. डोळ्यांत हुशारी आहे.' हलीमाबद्दल लिहिलं होतं, 'सांगितलेलं समजत नाही. टक लावून बघत राहते. या वर्गात टिकणार नाही.' एकाच आठवड्यात लिहिलेलं, एकाच पेनने. माझे कान तापले. मी पुण्याच्या सुधारक घरातली, जातपात न मानणारी, वगैरे वगैरे. आमच्याकडे लग्नाच्या मुलीचा रंग बघून बोलणाऱ्या बायकांना मी तोंडावर सुनावलेलं आहे. आणि टेबलावर ते दोन कागद होते.

ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी भांडले असते आणि सुटले असते. त्यांनी एवढंच विचारलं, "शाळेतली अरबीची बाई काय म्हणते हलीमाबद्दल?" ती म्हणत होती की ही पोरगी वर्गात तोंड मिटत नाही, इतकी बोलते. ते मी ऐकलेलं होतं. ऐकून सोडून दिलं होतं, कारण अरबीच्या तासाला मी धरतच नव्हते. पुढच्या शुक्रवारी ताईंनी हलीमाच्या वडिलांना फोन करून तिला घरी बोलावलं आणि सगळी चाचणी इथे येऊन शिकलेल्या अरबीत घेतली. मी कोपऱ्यात बसले होते. ती मुलगी ठोकळे जुळवत होती, ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणून दाखवत होती, आणि खार्तूममधल्या आजीच्या बकरीने वही कशी खाल्ली ते हात नाचवत सांगत होती. भाषा मला येत नव्हती, गोष्ट ताईंनी नंतर सांगितली, पण हसू कुठे येणार ते कळत होतं. दोन महिने माझ्या वर्गात हे मूल दगडासारखं बसलं होतं. ताईंनी अहवाल लिहिला आणि मला म्हणाल्या, "यल्ला, चल, आता तुझा फॉर्म तू बदल. माझ्या अहवालाला शाळेत कोण विचारतं? वर्गशिक्षिकेची सही चालते." मी घरी जाऊन नवा फॉर्म भरला. चांगला, मनापासून, दोन पानी.

पण ते दिवस कसे होते ते ज्यांनी बघितलेत त्यांनाच समजेल. मंदीने दुबई-शारजाचं कंबरडं मोडलं होतं. माझ्या नवऱ्याची कन्सल्टन्सी बंद पडली, तो रोज सकाळी शर्ट इस्त्री करून घरात बसायचा. आमच्या मजल्यावरची दोन कुटुंबं सुट्टीला जातो सांगून गेली ती परत आलीच नाहीत. शाळेतली मुलं महिन्या-महिन्याला कमी होत होती. दुसरीच्या दोन तुकड्यांची एक होणार, म्हणजे दोन वर्गशिक्षिकांपैकी एक जाणार, हे उघड होतं. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. हलीमाचा आधीचा फॉर्म त्यांच्यासमोर होता. एकत्र केलेल्या वर्गात अशी मुलं नकोत, आपल्याकडे वेगळा वर्ग चालवायला आता माणसं नाहीत, तेव्हा पालकांना दुसरी शाळा बघायला सांगू, असं त्यांनी अतिशय गोड आवाजात सांगितलं. आणि विचारलं, "तुमचं मत ठाम आहे ना, मॅडम? मला ठाम मताच्या शिक्षिका हव्यात." नवा फॉर्म माझ्या पर्समध्ये होता. पर्स माझ्या मांडीवर होती. मी म्हणाले, "हो सर, ठाम आहे."

संध्याकाळी ताईंचा फोन आला. फॉर्म दिलास का? मी म्हणाले, "दिला हो ताई." त्या म्हणाल्या, "शाबास." इतकंच. माझी नोकरी राहिली, शेजारच्या वर्गातली गोरी बाईच मायदेशी परत गेली. हलीमा पुढच्या आठवड्यापासून आली नाही.

त्याच उन्हाळ्यात ताईंचा विभागही कॉलेजने बंद केला. व्हिसा संपायच्या आत त्यांनी अबुधाबीत नवं काम शोधलं आणि त्या खलिफा सिटीला राहायला गेल्या. शुक्रवारचा चहा संपला, पण संबंध राहिला. त्यांनी तिथे शिक्षकांच्या दोन पिढ्या तयार केल्या. अमिरातीतल्या कित्येक शाळांमध्ये मुलाची चाचणी आधी त्याच्या घरच्या भाषेत घ्यायला लागले, ते त्यांनी दारोदार फिरून घ्यायला लावलं म्हणून. दरवर्षी एका प्रशिक्षणाला त्या मला आवर्जून बोलवायच्या आणि दुसऱ्या रांगेत बसवायच्या. दरवर्षी त्या दोन चळतींची गोष्ट सांगायच्या. चळतींपर्यंत यायच्या आणि थांबायच्या. "पुढे त्या बाईंनी काय केलं, ते त्या सांगतील कधी तरी," असं म्हणून पुढच्या मुद्द्याकडे वळायच्या. लोक माझ्याकडे वळून कौतुकाने बघायचे. मला वाटायचं, ताई मला संकोच वाटू नये म्हणून माझं कौतुक आवरतं घेतायत. मी मान खाली घालायची, आणि तोही लोकांना माझा विनयच वाटायचा.

यंदा मी निवृत्त होतेय. मुलगा टोरांटोला गेला, नवरा परत उभा राहिला, आता कसली भीती उरलेली नाही. त्या मंगळवारच्या काही दिवस आधी मीच ताईंना फोन केला आणि म्हणाले, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या म्हणाल्या, "फोनवर नको. शनिवारी ये. सुरमई आणून ठेवते. आणखी एका माणसालाही बोलावते, चालेल ना?" मी चालेल म्हणाले. कोण माणूस ते विचारलंही नाही.

दफन मंगळवारीच झालं, असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेनंतर. शाळा सोडून मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या दिवशी मी सबाला मिठी मारून परत आले. शनिवारी पुन्हा गेले. का गेले सांगता येणार नाही, ठरलं होतं म्हणून गेले. हॉलमध्ये बायका कुराण वाचत बसल्या होत्या. सबाने मला ताईंच्या खोलीत नेलं. टेबलावर त्यांचा चष्मा होता, अर्धवट तपासलेला कुणाचा तरी प्रबंध होता, आणि खिडकीशी एक उंच, काळी, डोक्याला फिकट निळा रुमाल बांधलेली मुलगी उभी होती. सबा म्हणाली, "मावशी, ही हलीमा. अम्मीने आज हिलाही बोलावलं होतं." आणि दार लोटून निघून गेली.

मला बसायला हवं होतं, पण खोलीत एकच खुर्ची होती, ताईंची. त्या खुर्चीत बसायची माझी हिंमत झाली नाही. हलीमा इंग्रजीत बोलली, स्वच्छ, सावकाश. ती इथे एका केंद्रात विशेष मुलांना शिकवते. शाळेतून काढलं त्याच्या तिसऱ्या दिवशी प्रोफेसर, म्हणजे ताई, त्यांच्या घरी आल्या होत्या, म्हणाली. तिची चौकशी करायला वडिलांना फोन केला तेव्हाच तिला काढल्याचं ताईंना कळलं होतं. त्यांनी दुसरी शाळा शोधून दिली, शारजा सोडेपर्यंत रोज संध्याकाळी तिला इंग्रजी शिकवलं, आणि पुढे कॉलेजपर्यंत तिच्यामागे उभ्या राहिल्या.

म्हणजे ताईंना माहीत होतं. 'शाबास' म्हटल्यावर थोड्याच दिवसांत कळलं होतं. आणि त्यांनी सोळा वर्षं मला दुसऱ्या रांगेत बसवलं, माझ्या घरी ईदचा शीरखुर्मा पाठवला, माझ्या मुलाच्या प्रवेशासाठी पत्रं लिहिली, एका शब्दाने विचारलं नाही. मी तिला सगळं सांगितलं, पर्समधल्या फॉर्मसकट, मुख्याध्यापकांच्या गोड आवाजासकट, आणि माझ्या 'ठाम आहे' सकट. तिने मध्ये कुठेही मला थांबवलं नाही. माफीही मागितली मी, पण ती तिने घेतली की नाही मला कळलं नाही. ती म्हणाली, यातलं बरंचसं मला अठराव्या वर्षी प्रोफेसरांनी सांगितलं आहे. एका प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांनी दिलं नाही. म्हणाल्या, ते माझ्याकडे नाही, ते त्या बाईंकडे आहे, त्या येतील तेव्हा विचार.

मी म्हणाले, विचार.

"मी सात वर्षांची होते," हलीमा म्हणाली. "मला वाटायचं, मी वर्गात काहीतरी वाईट केलं म्हणून तुम्ही मला काढलंत. मी खूप आठवून बघितलं. अजून कधी कधी आठवते. मी काय केलं होतं, मॅडम?"

"काही नाही," मी म्हणाले. "तू काहीच केलं नव्हतंस, बाळा."

दुसरं वाक्य माझ्या तोंडून मराठीत गेलं होतं. तिने त्याचा अर्थ विचारला नाही. आम्ही दोघी उभ्याच होतो. ताईंची खुर्ची टेबलापासून थोडी मागे सरकलेली होती, मंगळवारी सकाळी राहिली होती तशीच, आणि ती पुढे सरकवायला आम्हा दोघींपैकी कुणाचाच हात पुढे होईना.