डांबरावरचा तैमूरलंग

अमेरिकेत आमच्या हर्नडनजवळच्या देवळाची पालखी पार्किंग लॉटमधून फिरते, कारण फिरायला दुसरी जागाच नाही. जुलैचा महिना, भर दुपार, डांबर तव्यासारखं तापलेलं, आणि पालखीला खांदा द्यायचा तर चपला काढायच्या. तरणीताठी पोरं चार पावलांत नाचायला लागली. मी मात्र संथपणे, हसतमुखानं चालत होतो.

"काका, चटके नाही बसत तुम्हाला? चप्पल घाला ना यार," मागून एक विद्यार्थी कळवळून म्हणाला.

"नागपूरचा आहे मी. आमच्याकडे याला गुलाबी थंडी म्हणतात."

लोक हसले. त्या हसण्यावर खूश होऊन मी आणखी एक फेरी मारली. ती मारायला मला कुणीही सांगितलं नव्हतं.

आता खरं काय ते सांगतो. मला बरीच वर्षं मधुमेह आहे आणि पावलांतली जाणीव केव्हाच गेली होती, उजव्यातली तर पार. ती गेल्याचं मला कळलं नाही, कारण ते कळायलाही जाणीवच लागते. मला आपलं वाटत होतं की हा माझा पराक्रम आहे.

घरी आल्यावर उजव्या तळव्यावरचे फोड दिसले. मी त्यावर हळद दाबली, मोजे चढवले आणि विषय संपवला. विषय संपला नव्हता हे आठवड्याभरानं बायकोला बेडरूमच्या कार्पेटवरच्या डागांत दिसलं.

"हे काय आहे?"

"कुंकू असेल. देवळातलं."

"कुंकवाला असा वास येतो? मोजा काढ."

मोजा निघेना. तो चिकटला होता. बायकोनं मुलीला फोन लावला. मुलगी इथेच जन्मलेली, व्यवसायानं वकील, माझ्याशी मराठी फक्त वाढदिवसाला बोलते. ती येऊन पाय बघून म्हणाली, "बाबा, यू आर नॉट अ हीरो. यू आर अ डायबेटिक." आणि गाडीची किल्ली घेतली.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण नायलॉनचा दोरा तळव्याला टोचून विचारत होती, कळतंय का? मी दर वेळी "नाही" म्हणत होतो, तेही पैकीच्या पैकी मार्क पडत असल्याच्या तोऱ्यात. बायकोनं डोळे मिटून घेतले तेव्हा निकाल काय लागलाय ते माझ्या लक्षात आलं.

"दोन बोटं काढावी लागतील," डॉक्टरीण म्हणाली. "आज केलं तर बहुतेक दोन बोटांवर भागेल."

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. पाय माझा होता आणि विचार करण्यात माझा हातखंडा होता.

खोलीत दुसरा पलंग होता. त्यावर एक म्हातारा, बाथरूममध्ये पडून खुबा मोडलेला, मिशा काळ्याभोर रंगवलेल्या. आपल्या देशात दातांचा डॉक्टर होता, इथं मुलाकडे राहायला आलेला. माझं इंग्रजी नागपुरी आणि त्याचं रशियन वळणाचं, पण पलंगांमध्ये एक पडदाच होता. मी विचारलं, कुठले तुम्ही? तो म्हणाला, समरकंद.

"अरे वा! म्हणजे तैमूरलंगाचं गाव!"

एवढं बोलून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी समजावूनही सांगितलं, की आमच्याकडे त्याला लंगडाच म्हणतात, आणि आता मीही लंगडा, म्हणजे आपलं नातंच लागतं.

म्हाताऱ्यानं छताकडे बघत एकेक शब्द उच्चारला, "अमीर. तैमूर." मग म्हणाला, "आमच्याकडे नवरा-नवरी लग्नाच्या दिवशी त्याच्या पुतळ्यापाशी फोटो काढतात."

"आणि कवट्यांच्या मनोऱ्यांपाशी?"

त्यानं पडदा ओढून घेतला.

शाळेच्या पुस्तकात माझा तैमूर एका परिच्छेदापुरता होता. तो दिल्लीत शिरायचा, कत्तल करायचा आणि परिच्छेद संपायच्या आत निघून जायचा. एवढ्या भांडवलावर म्हाताऱ्याशी भांडण जमेना, म्हणून मी फोनवर वाचायला बसलो. पायावर बाणांच्या जखमा, उजवा हातही अधू, आणि तरी आयुष्यभर घोड्यावर. शहरंच्या शहरं त्यानं मोकळी केली. गवंडी, विणकर, सोनार तेवढे वेगळे काढून समरकंदला नेले आणि उरलेल्यांची डोकी रचली. लोकांना ओळीनं बसवून सैनिकांना हे काम वाटून देत असत, हे वाचताना मला पहिल्यांदा जेवण गेलं नाही.

"पायाचं काय ठरलं?" बायको म्हणाली.

"थांब जरा. याची इराणची स्वारी चाललीय."

"अहो," ती म्हणाली. एरवी ती मला अरे-तुरे करते. "पाय काळा पडतोय तुमचा. आणि तुम्ही मेलेल्या माणसाशी भांडताय."

म्हाताऱ्यानं पडदा स्वतःच बाजूला केला. त्यालाही करमत नसावं. "मनोरे कुणाचे, ते लिहिलंय का तिथं? ज्यांनी दरवाजा उघडला नाही, त्यांचे. आधी तो दूत पाठवायचा. एवढं एवढं द्या आणि सुखानं राहा. देणारे राहिले."

"इराणातल्या इस्फहाननं दरवाजा उघडला होता," मी फोन नाचवत म्हणालो. "तरी मनोरे झालेच."

"नंतर उलटले म्हणून."

"आणि दिल्ली?"

"दिल्लीनं हत्ती आणले," म्हातारा खांदे उडवून म्हणाला. जणू चूक हत्तींची होती.

इतक्यात डॉक्टरीण आली. आता दोन बोटं पुरणार नाहीत, पाऊल अर्ध्यातून जाईल, असं तिनं सांगितलं. मी तिला विचारलं, अर्धं दिलं तर बाकीचं राहील याची हमी काय? ती प्रामाणिक होती. म्हणाली, हमी नाही.

"बघा! इस्फहान!" मी म्हाताऱ्याकडे वळून म्हणालो. डॉक्टरीण बायकोकडे बघत राहिली. तिला वाटलं, संसर्ग डोक्यात गेला.

ती गेल्यावर मी माझा शेवटचा मुद्दा मांडला. तुमचा अमीर, म्हटलं, सडका पाय घेऊन अर्धं जग तुडवून आला. त्यानं कुणाला बोट कापू दिलं नाही. मग मी काऊन देऊ?

म्हाताऱ्यानं मान वळवून माझ्या पायाकडे बघितलं. "त्याचा पाय सडका नव्हता. दुखरा होता," तो म्हणाला. "रोज दुखायचा. तुझा दुखतच नाही. तू कशाला त्याची बरोबरी करतोस?"

त्यावर मी हसलो. बायको हसली नाही. ती चादर उचलून पाय बघत होती, आणि पिंढरीवर एक लाल रेघ वर चढताना मला तिच्या चेहऱ्यावर दिसली.

मग ताप भरला. त्या तापात मला नकाशा दिसत होता: अंगठा, टाच, घोटा, एकेक शहर पडतंय आणि मी वेशीवर उभा राहून दूताला व्याकरणाच्या चुका दाखवतोय. शुद्धीवर होतो तेवढ्यात सही केली. कुणी तरी जांभळ्या पेननं गुडघ्याखाली आडवी खूण केली. मुलगी माझा हात धरून चालत होती आणि मराठीत "बाबा, काही नाही होणार" म्हणत होती. माझा वाढदिवस नव्हता.

पहिल्या दिवशी दोन बोटं मागितली होती. मी गुडघ्याखालचं सगळं दिलं.

म्हाताऱ्याला घरी सोडलं त्या सकाळी तो वॉकर टेकत माझ्या पलंगापाशी आला. चादर जिथं सपाट झाली होती तिथं त्यानं बघितलं.

"त्यानं शेवटची स्वारी चीनवर काढली. ऐन थंडीत, बर्फातून," तो म्हणाला. "वसंत येईपर्यंत थांबला नाही. वाटेतच मेला."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू मनोऱ्यांचंच विचारत होतास." मग सुनेनं आणलेल्या जर्दाळूंचा पुडा त्यानं माझ्या उशाशी ठेवला. साखर माझ्या रक्तात किती आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी ठेवला.

आता जानेवारी आहे. घराबाहेर बर्फ साचलंय. ती गेलेली उजवी तंगडी हल्ली दुखते. डॉक्टर म्हणतात, असं होतं, नसलेला अवयव दुखतो. पण नुसती दुखत असती तर काही म्हणणं नव्हतं. भाजते. ते पार्किंग लॉट, ते डांबर, ती जास्तीची फेरी, सगळे चटके जे त्या दुपारी बसायला हवे होते ते आता बसतात, हळूहळू, एकेका पावलाला. ज्या तळव्याला आयुष्यात काही कळलं नाही, त्याला आता सगळं कळतंय, आणि चप्पल घालायला तो तळवाच जागेवर नाही.

"चप्पल दे गं," मी बायकोला म्हणतो.

सुरुवातीला ती विचारायची, कुठल्या पायाची? हल्ली विचारत नाही. उजवी आणून पलंगाखाली, रिकाम्या जागेसमोर ठेवते.