नऊ फुटी, पाच नंबरची

तो कवळ्या बनवायचा. दंतवैद्याच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तिथे मेणाच्या आणि प्लास्टरच्या वासात, निळ्या ज्योतीवर चाकू तापवत त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. हात इतका बारीक चालायचा की त्याने बसवलेल्या दातांनी लोक बिनधास्त पेरू फोडायचे. पण घरी, दवाखान्यात आणि गल्लीत त्याला सगळे ओळखायचे ते 'चौकस' म्हणून. पाणी तापवायची साधी किटली घ्यायला त्याने अख्खा हिवाळा चौकशीत घालवला होता, आणि किटली घरात आली तेव्हा लोक पंखे पुसत होते.

बायको शाळेची बस चालवायची. तिचा स्वभाव नेमका उलटा. वळण आलं की वळायचं, विचार नंतर. "माझी एवढी चौकशी केली असतीत ना," ती म्हणायची, "तर आपलं लग्नच झालं नसतं." यावर चौकस मान डोलवायचा, कारण ते खरं होतं.

एका रविवारी मेव्हणा जेवायला आला, तो हातात लांबलचक नळकांडं घेऊनच. विमा विकणाऱ्या या मेव्हण्याला दर दोन वर्षांनी नवा छंद लागायचा, आणि प्रत्येक छंदाचं सामान सगळ्यात महाग लागायचं. या वेळी मासेमारी होती. तीही गळाला गांडूळ लावून बसायची नव्हे. बारक्या गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून बनवलेली खोटी माशी, ती लांब दोराच्या झोक्याने पाण्यावर अलगद उतरवायची. मासा फसतो, तिला खरी समजतो.

"म्हणजे माशा मारणं म्हणतात ते हेच का?" बायकोने भावाला विचारलं.

मेव्हण्याने ते मनावर घेतलं नाही. पण त्याने दाखवलेली माशी चौकसला भलतीच आवडली. खोट्या दातांवर संसार केलेल्या माणसाला खोट्या माशीचं कौतुक वाटणारच. त्याने ती चिमटीत धरली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "शिकायचं तर काय काय लागतं?"

"भाऊजी, तुमच्या आवाक्यातलं नाही ते," मेव्हणा म्हणाला. "यात स्वस्त सामान घेतलं की माणूस महिन्याभरात कंटाळतो."

"स्वस्तात उत्तम कसं घ्यायचं ते मी दाखवतो तुला," चौकस म्हणाला. बायकोने आमटीची पळी खाली ठेवली. किटलीचा हिवाळा तिला आठवला असावा.

गावात अशा सामानाचं एकच दुकान होतं, सायकल दुरुस्तीवाल्याच्या शेजारी, बोळासारखं लांब. भिंतींना काठ्या टेकवलेल्या, काचेखाली रंगीबेरंगी माश्यांचे कप्पे, आणि गल्ल्यामागे लोकर विणत बसलेल्या मालकीणबाई. चौकस शनिवारी काम सुटलं की तिथे जाऊ लागला. बाईंनी पहिल्याच दिवशी त्याला सगळं सांगून टाकलं. नवशिक्याने नऊ फुटी, पाच नंबरची, म्हणजे मध्यम वजनाच्या दोराची काठी घ्यावी, फार ताठ नको, फार लवचीक नको. चक्री म्हणजे सुरुवातीला नुसतं दोर गुंडाळायचं रीळ, तिच्यात पैसे घालू नयेत. पैसे घालायचे ते दोरात. माशीला वजन नसतं, हवेतून जातो तो दोर, माशी नुसती मागून जाते. कमरेपर्यंतचे रबरी विजारी बूटही नकोत. उन्हाळ्यात जुने कापडी बूट घालून पाण्यात उतरलं तरी चालतं.

दुसरा कुणी असता तर पिशवी भरून घरी गेला असता. चौकसने मान डोलावली, आभार मानले आणि पुढच्या शनिवारी नवी शंका घेऊन आला. काठीचे चार तुकडे असावेत की दोन? मूठ बुचाच्या लाकडाची बरी की रबराची? पिवळा दोर माशाला दिसतो का? प्रत्येक उत्तरातून दोन शंका निघायच्या. घरी तो लोकांनी लिहिलेले अनुभव वाचायचा, गाठींचे व्हिडिओ बघायचा आणि दवाखान्यात कवळीच्या तारेला त्या गाठी मारून बघायचा. गाठी त्याला अशा जमल्या की दंतवैद्याने एकदा विचारलं, हे कुणाच्या तोंडात जाणार आहे.

"घ्यायचं नसेल तर निदान धूळ तरी पुसा," एका शनिवारी बाई म्हणाल्या. चौकसने फडकं घेतलं आणि पुसायला लागला.

तेवढ्यात दुकानात एक नर्स आली. पायांत कामावरचेच पांढरे बूट, डोळ्यांखाली काळं. तिला डोकं शांत होईल असं काहीतरी हवं होतं, आणि पगार जेमतेम. बाई फोनवर होत्या. चौकसच्या तोंडून शब्द आपोआप बाहेर पडले. "हा संच घ्या. काठी, चक्री, दोर सगळं यात आहे. चक्री साधी आहे, असू द्या, तिचं काम साधंच असतं. दोर मात्र चांगला आहे. आणि गळाचं उलटं टोक घरी चिमट्याने दाबून टाका, म्हणजे मासा सोडताना त्याला इजा होत नाही, आणि तुम्हालाही." नर्सने पुढे एक प्रश्न विचारला नाही. संच उचलला, दोन-चार माश्या निवडून घेतल्या आणि हसून गेली.

बाईंनी फोन ठेवला, पण विणकामाला हात लावला नाही. पुढच्या शनिवारी गल्ल्याजवळ त्याच्यासाठी एक खुर्ची आली होती.

त्या हिवाळ्यात चौकसने अर्ध्या गावाला मासेमार केलं. पेन्शनीत निघालेले, घटस्फोट झालेले, डॉक्टरांनी चालायला सांगितलेले आणि बायकोने बाहेर काढलेले, सगळे यायचे. तो प्रत्येकाची उंची, खिसा आणि स्वभाव बघून सामान काढून द्यायचा. लोक त्याला 'शनिवारचे साहेब' म्हणू लागले. नदीबद्दल तो असा बोलायचा की ऐकणाऱ्याला पाय ओले झाल्यासारखे वाटावेत. स्वतःची काठी मात्र ठरत नव्हती. वसंतात एक नवी येणार होती, तिच्याबद्दल बरं ऐकलं होतं.

"पाण्यावर कधी जाणार तुम्ही?" बायकोने विचारलं.

"दोराचं अजून नक्की होत नाहीये."

वसंत आला आणि माशी शिंकली. नर्सने पुढाकार घेऊन सगळ्या नवशिक्यांना जमवलं. रविवारी नदीवर जायचं आणि साहेबांनी सगळ्यांना हात कसा फिरवायचा ते दाखवायचं, असं ठरलं. चौकसने पाठ दुखत असल्याचं सांगितलं. बायको म्हणाली, "बसून येता येतं, मी चालवते." काठी नाही म्हणाला, तर बाईंनी कोपरा फाटलेल्या खोक्यातला एक संच पाठवून दिला. तो कुणी घेत नव्हतं. इतक्या चौकशीनंतर त्याच्या हाती आलं ते न निवडलेलं सामान.

नदी उथळ होती, गोट्यांवरून खळखळत जाणारी. बारा-पंधरा जण काठावर उभे होते, आणि त्यांच्यात नव्या कोऱ्या जाकिटात मेव्हणा. चौकसने काठीचे तुकडे जोडले, दोर ओवला, माशी बांधली. गाठ इतकी सुरेख बसली की दोघांनी जवळ येऊन ती पाहिली. मग तो गुडघाभर पाण्यात उतरला. पाणी इतकं गार होतं की त्याच्या वाचनात कुठेच तसं आलं नव्हतं. त्याने काठी मागे नेली, पुढे आणली. दोर मागे सरळ व्हायला क्षणभर थांबावं लागतं, हे त्याने शेकडो लोकांना सांगितलं होतं. तो थांबला नाही. दोर त्याच्या खांद्यावर वेटोळं घालून बसला आणि माशी उजव्या कानाच्या पाळीत रुतली.

आधी सगळ्यांना वाटलं, साहेब काहीतरी दाखवतायत.

नर्स पाण्यात उतरली. तिने कान बघितला. "काका, गळाचं उलटं टोक दाबलं नव्हतंत?"

"विसरलो."

तिने दोऱ्याचा फास केला, गळाच्या वाकावर अडकवला आणि बोलता बोलता झटका दिला. माशी निघाली. मग हलक्या आवाजात तिने विचारलं, "तुम्ही याआधी कधी नदीवर आला होतात?"

"नाही," चौकस म्हणाला. खोटं बोलायला त्या गार पाण्यात दमच उरला नव्हता.

मेव्हणा पोट धरून हसला. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," त्याने सुरुवात केली, पण बहिणीने बघितल्यावर उरलेली म्हण गिळली.

"मला जे जे सांगितलंत, ते?" नर्सने विचारलं.

"वाचलेलं. ऐकलेलं."

"सगळं बरोबर निघालं," ती म्हणाली, आणि चौकसला कानापेक्षा हेच जास्त झोंबलं. मग तिने त्याला बाहेर काढून गवतावर उभं केलं, माशी कापून तिच्या जागी लोकरीचा तुकडा बांधला आणि दुपारभर त्याला दोर फेकायला लावलं. "थांबा. आता. परत थांबा." बाकीचे पाण्यात उतरले. साहेबांना कसं शिकवायचं यावर त्यांची आपापसात चर्चाही झाली.

पुढच्या शनिवारी तो दुकानात गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी मालकीणबाईंचा फोन आला. "गिऱ्हाईकं विचारतायत. आजारी आहात?"

"बाई, मी लोकांना फसवलं. मला काहीच येत नाही."

"बरं मग?" पलीकडून सुयांचा आवाज येत होता. "दुकान माझ्या नवऱ्याचं. मला माशाचा वास सहन होत नाही. तुम्हाला जे सांगितलं ते मी गिऱ्हाइकांच्याच तोंडून ऐकलेलं. या शनिवारी या."

चौकस फोन हातात धरूनच हसत सुटला. बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून त्याच्या कानाला काही झालंय का ते पाहिलं.

तो परत खुर्चीवर बसला. पण आता तो नदीवरही जात होता, फाटक्या खोक्यातली काठी घेऊन, आणि घोटाळा तिथेच झाला. कुणी विचारलं, कोणती काठी घेऊ, तर पूर्वी उत्तर तयार असायचं. आता तो म्हणायचा, "कोणतीही चालते हो. वारा असला तर कोणतीच चालत नाही." दोर कोणता, तर "मला अजून कळलेलं नाही." ठाम उत्तर घ्यायला आलेली माणसं असं ऐकून 'नंतर येतो' म्हणत निघून जायची. दोनदा बाईंनी विणकाम थांबवून त्याच्याकडे पाहिलं. तिसऱ्या शनिवारी खुर्चीवर लोकरीचे गोळे ठेवलेले होते.

"तुम्ही पूर्वी फार छान सांगायचात," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. झालेल्या नुकसानाचं वाईट वाटत होतं, एवढंच.

त्यामुळे शनिवार मोकळे झाले. त्यातल्याच एका संध्याकाळी बायको काठावर गाडीत पाय वर करून बसली होती, आणि चौकस पाण्यात. दोर मागे गेला, तो थांबला, दोर पुढे आला, आणि पाण्याखालून तो कुणीतरी ओढला. त्याने हात ओले केले, वाकला, आणि तळहातावर काहीतरी चमकून, वळवळून, निसटून गेलं. तो तसाच वाकलेला राहिला.

"मिळाला का?" बायकोने खिडकीतून विचारलं. "केवढा होता?"

"नीट पाहता आलं नाही," तो म्हणाला. "त्याला घाई होती."