मंगळवारचा धूर

हेल्वी कॉफी उभ्यानं प्यायची. बशीत ओतून, दातांत साखरेचा खडा धरून. खोलीत शिरली की आधी माणसं मोजायची. एकतीस वर्षं शाळेची बस चालवल्याचा परिणाम. हात पुसायची ते फक्त डाव्या मांडीला, त्यामुळे तिच्या सगळ्या विजारी एकाच बाजूनं काळ्या. रेडिओवर हवामान ऐकायची, गाणं लागलं की बंद. कुठल्याही प्रश्नाला पहिलं उत्तर ‘नाही’, विचार त्यानंतर. खुर्चीत बसायची ती काठावर, जणू पुढचा थांबा आलाच आहे.

तिला जाऊन तीन आठवडे झाले. तिच्याबद्दल बोलताना मी अजून ‘आहे’ म्हणते, मग दुरुस्त करते.

मी बारा वर्षं तिच्या बसनं शाळेत गेले. साहित्याची पदवी घेऊन गावात परतले, वाचनालयात लागले, तेव्हापासून ती मला ‘प्रोफेसर’ म्हणायला लागली. ते कौतुक नव्हतं.

आमचं गाव अमेरिकेच्या उत्तर टोकाला; तिचं घर जंगलाच्या आत, सरोवराच्या बाजूला. मोठ्या रस्त्यापासून दीड मैल कच्चा रस्ता. बर्फ लोटणारी सरकारी गाडी मोठ्या रस्त्यावरून सरळ निघून जाते. आतला रस्ता ज्याचा त्यानं उघडायचा. नोव्हेंबर ते एप्रिल. तिचा नवरा आर्वो ट्रॅक्टरनं उघडायचा. त्याच्या आजारपणात ट्रॅक्टर विकला. मार्चमध्ये आर्वो गेला. शेडमध्ये उरला एकाहत्तर सालचा पिकअप. दहा वर्षं न हललेला, सीटमध्ये उंदरांची घरटी, आणि शेजारी भिंतीला टेकवलेलं बर्फ लोटायचं पातं.

ऑगस्टमध्ये तिच्या मुलाचा, डेलचा, ग्रीन बे शहरातून फोन आला. मी तिथंच होते. फोन तिनं टेबलावर ठेवला होता, कारण तिचे हात तेलात होते.

“आई, पहिला मोठा बर्फ पडेल तेव्हा रस्ता तू स्वतः उघडलास, तर राहा तिथं. नाहीतर इकडे यायचं. भांडायचं नाही. कबूल?”

“नाही,” हेल्वी म्हणाली. मग हात पुसले. “कबूल.”

शेजारच्या वॉल्टर निस्कानेनकडे चांगला ट्रक होता. आर्वोचा जिवलग मित्र, कारखान्यात चाळीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस. त्यानं पन्नासदा सांगितलं असेल, जाता येता तुझाही रस्ता उघडतो. मी म्हटलं, मग अडचण काय?

“अडचण ही की वॉल्टर आला की माझा रस्ता उघडा, नाही आला की बंद. म्हणजे माझ्या दाराची किल्ली वॉल्टरच्या खिशात.”

तिनं इंजिन उतरवलं, धुतलं, पुन्हा बसवलं. पेट्रोलच्या टाकीत साखळी घालून ती हलवली, आतला गंज खळखळून बाहेर काढला. सप्टेंबरच्या शेवटी इंजिन सुरू झालं. मोठा आवाज, निळा धूर. ती हसली नाही. थेट गाडीखाली शिरली.

आमच्याकडे रस्त्यांवर मीठ टाकतात. मीठ लोखंड खातं. म्हणून ऑक्टोबर लागला की गावातला प्रत्येक बाप्या गाडीखाली उताणा पडतो आणि चासीला, गाडीच्या खालच्या सांगाड्याला, डांबर फासतो. आर्वो त्यात सगळ्यांच्या पुढे. दरवर्षी एक थर, कधी दोन. लोक त्याच्या ट्रकखाली वाकून बघायचे आणि आपल्या पोरांना सांगायचे, अशी जपावी गाडी.

हेल्वीनं हातोडीनं चासी ठोकत ठोकत पुढून मागे जायला सुरुवात केली. ठण्. ठण्. मग नुसता ढप् असा आवाज. तिनं पुन्हा ठोकलं. हातोडी आत गेली.

डांबराच्या थरांच्या आत पाणी अडकलं होतं. लोखंड आतल्या आत सुकटीसारखं झालं होतं. बोटानं पापुद्रे निघत होते. वरून काळं, गुळगुळीत, तुकतुकीत.

ती बाहेर आली. चेहऱ्यावर डांबराचा चुरा.

“बिचारा,” ती म्हणाली. “दरवर्षी झाकत राहिला.”

मला वाटलं ती आता सोडून देईल. मी तसं बोललेसुद्धा. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि बाहेर जाऊन आर्वोच्या बोट वाहायच्या गाड्यावरून बोट ढकलून गवतात पाडली. गाड्याचं लोखंड चांगलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याचे चार तुकडे झाले.

वेल्डिंग तिला येत नव्हतं. येतं असं ती म्हणायची. तिनं जोडलेले सांधे वाळलेल्या खरकट्यासारखे दिसत. ती रोज करायची, रोज ठोकून बघायची, रोज एखादा तुटायचा. रेडिओ दर तासाला लागे. रात्री झोप नाही म्हणाली. पहाटे अंगणात जाऊन हवा हुंगते म्हणाली.

“बर्फाला वास असतो?”

“तुमच्या पुस्तकांत नसेल.”

ऑक्टोबरचे शेवटचे दिवस. दरवाजे आणि बॉनेट घासून झाले होते, प्रायमर मारला होता. पण शेडमध्ये इतकी थंडी की रंग वाळेना. चार दिवस चिकटच. मंगळवारी सकाळी तिनं दोन्ही दरवाजे आणि बॉनेट ओढत सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, नेले, आंघोळीच्या बाकांवर उभे केले, आणि भट्टी पेटवली.

इथंच ती चुकली. आमच्याकडे सौना तापतो शनिवारी. मंगळवारी धुराड्यातून धूर निघाला, तर त्या घरात काहीतरी झालेलं असतं. कुणी गेलं, कुणी जन्मलं, किंवा कुणाला माणसं हवी आहेत. आणि आमचे लोक फोन करून विचारत नाहीत. येतात.

दुपारपर्यंत अंगणात सहा गाड्या. गावातली बर्निस वेलदोड्याचा पाव घेऊन आली होती, डोळे आधीच ओले.

“कोण गं? डेल?”

“काय डेल?”

“गेला?”

“डेल ऑफिसात आहे. डोळे पूस.”

वॉल्टर सौनाचं दार उघडून उभा होता. आतून वाफ आणि रंगाचा वास. दोन दरवाजे बाकावर शेजारी शेजारी बसलेले. 

“टॉवेल तरी द्यायचास त्यांना,” तो म्हणाला.

सगळे हसले. हेल्वी नाही. ती माणसं मोजत होती.

“मी कुणाला बोलावलेलं नाही,” ती म्हणाली.

“धूर दिसला.”

“धूर दरवाजांसाठी होता.”

“मग दरवाजांनी बोलावलं असेल.” वॉल्टर शेडमध्ये गेला, गाडीखाली सरकला. आतूनच आवाज आला. “हेल्वी, हे सांधे पात्याच्या पहिल्या धक्क्याला जातील. तू आत असशील तेव्हा.”

 तिचे ओठ पांढरे पडले होते. तिला माहीत होतं. रोज रात्री तेच तर ती ठोकून बघत होती.

आमच्या आजोबा-पणजोबांनी फिनलंडहून एक शब्द आणला, तालकोत. गावानं मिळून एकाचं काम उरकायचं; इर्जिकच ती. पण तिचा एक नियम आहे, घरधन्यानं बोलवावं लागतं. बोलावलं की तो सगळ्यांचा देणेकरी झाला.

हेल्वीनं माझ्याकडे बोट केलं. “प्रोफेसर, तू साक्षीदार. मी बोलावलं नाही.”

“नाही बोलावलंस,” मी म्हटलं.

“मग ठीक. हे तालकोत नाही. हे लोक चुकून आलेत.” मग वॉल्टरला म्हणाली, “चुकून आलाच आहेस तर मशीन चालू कर. आणि शिकव, नुसतं करू नकोस.”

दोन दिवस लागले. बायकांनी सूप केलं, माणसांनी सांधे. ती वॉल्टरच्या खांद्याला खांदा लावून गाडीखाली पडली होती. दोघांचं भांडण अंगणापर्यंत ऐकू यायचं. गुरुवारी संध्याकाळी वॉल्टर बाहेर आला. एक पट्टी त्यानं नुसती क्लॅम्पनं धरून ठेवली होती.

“शेवटचा सांधा घरधन्याचा. तुझ्या बापाच्या गोठ्याचा शेवटचा खिळा त्यानंच ठोकला होता. मी होतो तिथं.”

तिनं क्लॅम्प आणखी एक आटा आवळला आणि घरात गेली.

शनिवारी चौदा इंच बर्फ पडला. ती पाच वाजता निघाली. मी मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी थांबले होते. आधी आवाज आला, मग दोन दिवे, मग पात्यापुढे उसळत येणारी पांढरी लाट. ती माझ्यापाशी थांबली, काच खाली केली.

“डेलला फोन लाव,” ती म्हणाली. “माझे हात गुंतलेत.”

नाताळला डेल आला. जेवला. जाताना म्हणाला, “रस्ता जरा अरुंद झालाय.”

“ट्रकएवढा आहे.”

जानेवारीत मी गाडीखाली वाकून पाहिलं. क्लॅम्प तसाच. विचारलं.

“वॉल्टरनं मला कुठला सांधा ठेवलाय बघितलंस? नसला तरी चालेल असा. आई पाव मळते तेव्हा पोराच्या हातात कणकेचा गोळा देते, तसा.”

“मग सोडून दे.”

“नाही.” ती उठली, बसली, पुन्हा उठली. “मला तो वॉल्टरच्या सांध्यापेक्षा चांगला करायचाय. तेवढा हात बसला की करते.”

शेडमध्ये एक बादली होती. बोटीच्या गाड्याचे उरलेले तुकडे ती रोज जोडायची आणि त्यात टाकायची. प्रत्येकावर खडूनं तारीख.

फेब्रुवारीत, एका गुरुवारी, मी वाचनालयातून परतताना तिच्याकडे वळले. रस्ता नुकताच उघडलेला होता, दोन्ही कडा ताज्या. ट्रकचं बॉनेट गरम होतं. ती दाराच्या आत बाकावर बसली होती. एक बूट काढलेला, एक पायात. मी दोनदा हाक मारली.

रुग्णवाहिका थेट दारापर्यंत आली. चालक म्हणाला, या भागात असा रस्ता कधी मिळत नाही. उपयोग झाला नाही.

दफनानंतर डेलनं वॉल्टरला आणि मला शेडमध्ये नेलं. ट्रक ठेवणार आहे म्हणाला. तेवढी पट्टी जोडून द्या.

वॉल्टरनं बादलीतला सगळ्यात वरचा तुकडा काढला. तारीख ती गेली त्याच्या आदल्या दिवसाची. ऐरणीवर धरला, मोठ्या हातोड्यानं ठोकला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा लोखंड वाकलं. सांधा तुटला नाही.

“तयार होती,” तो म्हणाला.

डेलनं मशीनची वायर त्याच्यापुढे धरली. वॉल्टरनं हात खिशात घातले.

“मी नाही. मला तिनं बोलावलेलं नाही.”

आम्ही तिघंही गाडीखाली वाकून बघत राहिलो. डावीकडची पट्टी, पुढून दुसरी. कडा घासून चकचकीत केलेल्या, जोडायला सज्ज. मध्ये नाण्याएवढी फट.