डिलीटेड आयटम्समधली तीन पत्रं

‘एम्प्टी फोल्डर’वर क्लिक केलं, मग ‘कॉम्पॅक्ट नाऊ’वर, आणि खुर्चीत मागे टेकून फाइल बारीक होताना बघत बसले. गुरुवारची सकाळ होती. ज्यांचा कॉम्प्युटर बदलायचा होता ते सावे प्लांटमध्ये राउंडला गेले होते. दीड तासाने ते माझ्यासाठी चहा घेऊन परत आले, तोपर्यंत अकरा जीबीची फाइल दोनशे एमबीवर आली होती. मी स्वतःवर जाम खूश होते.

तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी आयटी बघत होते. आयटी डिपार्टमेंट म्हणजे मी एकटी आणि एसी चालू असलेली एक खोली. लोक माझ्याकडे यायचे ते काहीतरी बंद पडलं की. चालू झालं की जायचे. मूळची मी वाणगावची, राहायला पालघरला, दोन खोल्यांत एकटी. लग्न केलं नाही. का नाही, ते सांगायची ही जागा नव्हे.

आता ती फाइल काय, ते सांगते. आमच्याकडे मेल सर्व्हरवर ठेवत नसत. आउटलुक उघडलं की सगळ्या मेल आपापल्या कॉम्प्युटरवर उतरायच्या आणि सर्व्हरवरून पुसल्या जायच्या. जागेची काटकसर. उतरलेल्या मेल एकाच मोठ्या फाइलमध्ये साठतात, तिला पीएसटी म्हणतात. कॉम्प्युटर बदलायचा म्हणजे ही फाइल उचलून नव्यावर नेऊन ठेवायची. ती फार फुगली की आउटलुक गुदमरतं, उघडायला अर्धा अर्धा तास घेतं आणि मध्येच हँग होतं. सावेंचं तसंच झालं होतं.

सावे मेंटेनन्सचे सुपरवायझर. माकुणसारचे, घरची चिकूची वाडी, तीस वर्षं याच प्लांटमध्ये. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या सेक्शनला स्टीम लाइनच्या एका व्हॉल्व्हची ग्लँड सुटली. ग्लँड म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग दाबून धरणारा भाग. ती सुटली की वाफ थेट बाहेर. लल्लन नावाचा कामगार समोर होता. त्याचा उजवा हात आणि मान भाजली.

कंपनीने चौकशी लावली. सावेंवर आरोप असा, की गळती माहीत असून त्यांनी वर कळवली नाही. सावेंचं म्हणणं, मी तीन वेळा प्लांट मॅनेजरना मेलवर लिहिलं आणि ‘पुढच्या शटडाउनला बघू’ असं उत्तरही आलं. शटडाउन म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात ते दिवस. चौकशी समिती सोमवारी बसणार होती. ती तीन पत्रं दाखवली तर सावे सुटणार होते. नाही दाखवली, तर नोकरी जाणार आणि माणूस भाजला तो सावेंमुळे, हे कायमचं कपाळी लागणार होतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. सगळ्या कंपनीला ठाऊक होतं. म्हणूनच तर कॅन्टीनमध्ये त्यांच्या टेबलावर कुणी बसत नव्हतं. त्यांनी मला बोलावलं ते याचसाठी, की जुन्या मशीनवर मेल उघडत नव्हती आणि त्यांना प्रिंट काढायच्या होत्या. सकाळी ते मला काहीतरी सांगतही होते, पत्रं कुठे आहेत वगैरे. मी म्हटलं, सावे, मला माझं काम करू द्या, तुमची फाइल आख्खी इकडून तिकडे येणार आहे. ते राउंडला निघून गेले.

चहा टेबलावर ठेवून ते स्क्रीनकडे वाकले. म्हणाले, आता ते खालचं उघडा. मी विचारलं, कुठलं खालचं? त्यांनी बोट लावून दाखवलं. डिलीटेड आयटम्स.

तेच मी सकाळी रिकामं केलं होतं. इनबॉक्स उघडला, तर जेमतेम चाळीस मेल. सेंट आयटम्स जवळजवळ रिकामं. सकाळी ते बघून मी मनात म्हटलंही होतं, वा, काय टापटिपीचा माणूस आहे.

आणि मी काय केलं असेल? त्यांच्यावरच खेकसले. कचऱ्याच्या डब्यात कुणी कागदपत्रं ठेवतं का, म्हणून चांगलं फैलावर घेतलं त्यांना. आवाज बाहेर गेला असणार.

ते चिडले नाहीत. त्यांनी टेबलाखालून एक पुठ्ठ्याचा खोका ओढून दाखवला. मेंटेनन्समध्ये प्रत्येक कामाची एक जॉब स्लिप निघते. काम झालं की सावे ती स्लिप टेबलाखालच्या खोक्यात टाकत. खोका भरला की दोरीने बांधून मागच्या रॅकवर. एकही खोका त्यांनी कधी टाकला नव्हता. आठ वर्षांपूर्वी कुठल्या पंपाचं बेअरिंग बदललं असं विचारा, पाच मिनिटांत स्लिप हातात. त्यांच्या वस्तादाने लावलेली सवय होती ती. कॉम्प्युटर आल्यावर त्यांनी मेललाही तोच नियम लावला. वाचलं, लिहिलं, झालं, की खाली टाकायचं. आलेलंही आणि पाठवलेलंही. दहा-बारा वर्षांचं सगळं खाली होतं आणि ते मी एका क्लिकवर साफ केलं.

“टाकून द्यायचं नसतं मॅडम, फक्त टेबलावरून काढायचं असतं,” ते म्हणाले. मग खुर्चीत बसले. “आमी लिवलं होतं. तीनदा लिवलं होतं.”

बॅकअप? नव्हता. बॅकअपसाठी वेगळी डिस्क द्या असं मी वर तीन वेळा सांगितलं होतं, पण तोंडी. सावेंनी निदान लिहिलं तरी होतं. आमच्या धंद्यातला पहिला नियम असा, की मूळ फाइलला हात लावायचा नाही, आधी कॉपी करायची आणि जे काही करायचं ते कॉपीवर. मी मूळ फाइलवरच चालवलं होतं. सत्तावीस वर्षं झाली, आपल्याला सगळं येतं, हे डोक्यात बसलेलं.

मी जुन्या कॉम्प्युटरची वायर तशीच खेचली. डिस्कवरून पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. फक्त ती जागा मोकळी आहे अशी नोंद होते, आणि वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं खाली पडून असतं. मशीन चालू राहिलं तर ते स्वतःच तिथे काहीबाही लिहीत बसतं. म्हणून आधी बंद करायचं आणि मग डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची. मी सावेंना म्हटलं, उद्या बघू.

आमच्या एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी. कंपनीची बस नव्हती, मी ट्रेनने बोईसरला उतरून रिक्षाने आले. ऑफिसच्या इमारतीत कुणीही नव्हतं. सुट्टीच्या दिवशी मी यापूर्वी खूपदा आले आहे, सर्व्हरचं काम तेव्हाच करावं लागतं. खरं सांगायचं तर घरी बसण्यापेक्षा मला ते बरं वाटायचं. त्या दिवशी नाही वाटलं. रिकव्हरी सॉफ्टवेअर लावलं आणि टक्के मोजत बसले. कुणाला फोन करून मन मोकळं करावं म्हणून फोन हातात घेतला, नावं खालीवर केली आणि ठेवून दिला. एवढ्या नावांत एकही असं नव्हतं, की ज्याला सांगावं, माझ्या हातून घोटाळा झालाय.

अकराच्या सुमारास सावे आले. मी बोलावलं नव्हतं. आधी सरावलीला लल्लनच्या खोलीवर जाऊन आले होते. दर शुक्रवारी जायचे, हे मला त्या दिवशी कळलं. लल्लनने त्यांना विचारलं होतं, “सावेजी, आप लिखे थे ना?” ते ‘हां’ म्हणून आले होते.

दुपारी आम्ही डबे उघडले. माझ्या डब्यात पोळी-भाजी, त्यांच्याकडे तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. त्यांनी न विचारता अर्धी भाकरी माझ्या झाकणात ठेवली. मग म्हणाले, दोन महिन्यांत कुणाबरोबर जेवलो नाय. मी म्हटलं, मीही तुमच्या टेबलाला वळसा घालून जात होते, सावे. ते हसले. म्हणाले, तुमी तर पयल्यापासून एकट्याच जेवता, मला वाटलं ती तुमची पद्धत हाय. मी भाकरी खाल्ली.

चारच्या पुढे सॉफ्टवेअरने काय सापडलं त्याची यादी दाखवली. पुसलेल्या जागेतून मेलचे तुकडे निघाले होते, हजारेक असतील. काहींना मजकूर होता तर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. काहींना नाव होतं आणि आत नुसत्या चौकोनी खुणा. एकेक उघडत गेलो. सावे शेजारी बसून जुनी कामं ओळखत होते, हा बॉयलर, हा कूलिंग टॉवर. प्लांट मॅनेजरचं उत्तर सापडलं नाही. पहिलं पत्र नाही, दुसरं नाही.

तिसरं अर्धं सापडलं. कुणाकडून, कुणाला, तारीख आणि विषय. विषय होता, ‘स्टीम लाइन ग्लँड लीकेज, थर्ड रिमाइंडर’. तारीख अपघाताच्या बारा दिवस आधीची. खाली मजकुराच्या जागी काही नाही. मी प्रिंट काढली. सावेंनी तो कागद दोन्ही हातांनी धरला. मला रडू आलं. त्यांना दिसू नये म्हणून मी डिस्कची वायर काढायला खाली वाकले.

शनिवारी सकाळी प्लांट मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. आम्ही सगळे त्यांना साहेबच म्हणायचो. ते चौकशी समितीत नव्हते, पण समिती बसणार होती त्यांच्याच केबिनमध्ये. सावेंच्या मशीनचा टेक्निकल रिपोर्ट मी द्यायचा होता. साहेब गोड बोलत होते. म्हणाले, मशीन जुनं होतं, फाइल करप्ट झाली, एवढं दोन ओळींत लिहून द्या, यात तुमचंही नाव खराब होत नाही. सापडलेल्या तुकड्याचं काय, असं मी विचारलं.

“करप्ट फाइलमधल्या तुकड्याला काय अर्थ आहे, राऊत मॅडम? रिटायरमेंटला किती राहिली तुमच्या?”

“दोन वर्षं.”

“मग झालं तर.”

खोलीत येऊन मी टाइप करायला बसले. दोन ओळी लिहिल्याही. खोटं कशाला बोलू? लिहिल्यावर हलकं वाटलं. माझी चूक त्यात कुठेच नव्हती. मशीनवर ढकललं की संपलं, मशीन काही उलट बोलत नाही. प्रिंट द्यायच्या आधी एकदा वाचून बघितलं आणि डोक्यात तिडीक गेली. सावेंनी तीनदा लिहिलेलं मी एकदा पुसलं होतं. आता हा कागद दिला तर दुसऱ्यांदा पुसणार होते, आणि या वेळी जाणूनबुजून.

पुन्हा लिहिलं. फाइल करप्ट नव्हती. डिलीटेड आयटम्स हे फोल्डर मी वापरणाऱ्याला न विचारता रिकामं केलं. मूळ फाइलची कॉपी घेतली नाही. चूक माझी आहे. रिकव्हरीत सोबत जोडलेली नोंद मिळाली. मग एक मुद्दा राहिला. तो लिहिताना हात थांबला. अपघातानंतर आठ दिवसांनी साहेबांनी स्वतःचा लॅपटॉप बदलून घेतला होता. जुनं काही नको, फ्रेश सेटअप द्या, म्हणाले होते. सावेंची पत्रं उतरली असणार ती त्याच जुन्या लॅपटॉपवर, आणि तो मीच फॉरमॅट करून कोरा केला होता. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. उलट कॉपी करायचं काम वाचलं म्हणून बरं वाटलं होतं. तेही लिहिलं. सही केली आणि एक प्रत थेट हेड ऑफिसला पाठवली.

सोमवारी समितीपुढे मला वीस मिनिटं उभं केलं. तुम्ही सावेंच्या ओळखीच्या आहात का, असं विचारलं. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत नव्हते.

निकाल महिन्याने लागला. सावेंनी गळती वर कळवली होती, असं मानायला जागा आहे, असं समितीने लिहिलं. नोकरी राहिली. पण त्यांची बदली गुजरातच्या युनिटला झाली, आठ दिवसांत हजर व्हा म्हणून. साहेब जागच्या जागी राहिले. मला मेमो मिळाला, डेटा नष्ट केल्याबद्दल आणि विचारलं नसताना माहिती दिल्याबद्दल. पहिला आरोप मला मान्य होता. कॅन्टीनमध्ये लोक माझ्याकडे बघून आवाज खाली करायला लागले.

जायच्या आदल्या दिवशी सावे माझ्या खोलीत आले. त्यांची मेल आता तिकडच्या मशीनवर न्यायची होती. मी आधी कॉपी घेतली. मग एकेक फोल्डर दाखवून विचारलं, हे ठेवायचं का, हे न्यायचं का. प्रत्येकाला ते ‘हो’ म्हणाले. काम व्हायला तास लागला. काही बंद पडलेलं नसताना माझ्या खोलीत कुणी तासभर बसलं, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. डिस्क पिशवीत ठेवून ते दारात थांबले.

“मॅडम, आता तुमच्याशी पण कोणी बोलणार नाय इथं.”

मी म्हटलं, मला सवय आहे. ते मान हलवून गेले.

मला सवय होती हे खरंच. पण त्यानंतरची दोन वर्षं जेवणाची सुट्टी फार लांब वाटली.

नव्याने या कामात येणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की दुसऱ्याच्या फाइलला हात लावण्याआधी कॉपी घ्या आणि त्या माणसाला विचारा. विचारायला एक मिनिट लागतं. सत्तावीस वर्षं मी ते मिनिट वाचवत आले. त्या वाचवलेल्या वेळाचं मी काय केलं, ते मला सांगता येत नाही.