तिसरी काच

दुसरी काचही डागाळली. कडेला लख्ख आरसा झाला होता, पण मधे चांदी चढलीच नव्हती. तिथं बोटभर रुंदीचे उघडे पट्टे राहिले होते. बाटलीत आता एकाच काचेपुरतं औषध उरलं होतं.

आरशांना चांदी चढवणं हा आमचा धंदा. वाशीमच्या एका जिनला, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याला, चार खिडक्यांसाठी चार आरसे हवे होते. आत कापूस उडतो, म्हणून तिथं दिवा नेत नसत. तो खिडकीबाहेर टांगायचा आणि मागे आरसा लावून उजेड आत फेकायचा. माझ्या यजमानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला होता, म्हणून या खेपेला काम मी अंगावर घेतलं. जिनचे मुनीम आदल्या दिवशी दारात उभे राहून म्हणाले, "बाई, हे काई भांडे घासनं नोहे. उद्या दिवेलागणीले एक आरसा करून दाखवा. जमला तं बाकीचं औषध मागवतो. नाई तं अकोल्याले मानूस धाडतो." एकदा काम अकोल्याला गेलं की ते परत आलं नसतं.

काम असं असतं. औषध म्हणजे काडीखार, चांदीचा क्षार. तो साठवलेल्या पावसाच्या पाण्यात विरघळवायचा. त्यात थेंब थेंब अमोनिया सोडायचा. पाणी आधी तपकिरी गढूळ होतं, मग निवळतं. निवळलं की हात थांबवायचा. मग साखरेचं पाणी मिसळून लगेच काचेवर ओतायचं. वरचं पाणी काळं पडतं आणि खाली काचेला चांदी धरते. उरलेलं पाणी फेकून द्यायचं. ठेवलं तर स्फोट होतो. बोटं काळी होतात, ती आठ-आठ दिवस तशीच राहतात.

"पानी खारं असीन," यजमान बाजेवरून म्हणाले.

खाऱ्या पाण्यात काडीखाराचा थेंब पडला की दूध सांडल्यासारखं पांढरं होतं. मी थेंब टाकून पाहिला. काही झालं नाही.

"पानी चांगलं हाये."

"मंग तुनं घाई केली असीन."

"बारा वर्सं मीच मिसळून राह्यली. तवा नाई बिघडलं, आताच काहून बिघडते?"

मी उठले, बसले, पुन्हा उठले. ऊन उतरायला लागलं होतं. मिसळायचं काम नेहमी माझंच होतं. काच धुणं-पुसणं मात्र त्यांचं. नवीन होतं ते तेवढंच.

तिसरी काच घासून धुतली, पुसली, उजेडाकडे धरली. स्वच्छ दिसली. थंडीचे दिवस होते. जवळून पाहताना माझा श्वास काचेवर पडला. वाफ सगळीकडे सारखी धरली नाही. मधे पट्टे उमटले. तेच, बोटभर रुंद.

"अवो, तुमी काच कायनं पुसत होते?"

"धोतराच्या फडक्यानं. सोड्यात उकळून घेतो न मी. काहून?"

"मी पदरानं पुसली."

"काय वं! डोक्यावरचं तेल काचेले चोपडलं तुनं!" ते पोट धरून हसायला लागले. माझं डोकं फिरलं.

"मंग आधी सांगाचं होतं ना!"

"मले कुठं पदर होता?"

तेलकट काचेला चांदी धरत नाही. मी पदर कमरेला खोचला, फडकं सोड्यात उकळलं, काच पुन्हा धुतली. श्वास सोडून पाहिला. वाफ सारखी धरली. मग शेवटचं औषध ओतलं. चांदी या कडेपासून त्या कडेपर्यंत आली. पाठीला रंग द्यायला वेळ नव्हता. आरसा तसाच गुंडाळून जिनवर नेला.

दिवा टांगला. मुनीम आत जाऊन एक चिठ्ठी डोळ्यांपुढे धरून उभे राहिले.

"वाचता येते," ते बाहेर येऊन म्हणाले. "यजमानाले दिसत नाई म्हनत होत्या न? हात तं त्याचाच दिसते."

मी काळी बोटं त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी ती पाहिली. "बाकीचे तीन कधी देता?"

"औषध कधी देता?"

ते चौथ्या दिवशी आलं. तिन्ही आरसे पहिल्याच खेपेला उतरले.

काम शिकवणारा माणूस त्याला जे अवघड गेलं तेवढं सांगतो. जे त्याच्या हाताच्या सवयीचं, ते त्याला स्वतःलाच माहीत नसतं. ते आपण खोदून विचारावं. आणि काच पुसली की आधी तिच्यावर श्वास सोडून पाहावा.