मायचा पाय आणि सामनेवाला क्रमांक एक

माझ्यावर आयुष्यात एकच दावा झाला आणि तो माझ्या मायनं लावला.

कागदावर तसंच छापलेलं होतं. अर्जदार आमची माय. सामनेवाला क्रमांक एक मी. क्रमांक दोन गावची सहकारी दूध संस्था. क्रमांक तीन विमा कंपनी. तारखेला अर्जदार आणि सामनेवाला एकाच एसटीनं अंबाजोगाईला जायचे, एकाच फडक्यातली भाकरी खायचे आणि कोर्टात शिरले की वकील त्यांना दोन बाजूंना उभं करायचे. (माय दर वेळी ओरडायची, "ह्येला तिकडं कावून उभं केलं? ऊन हाय की तिकडं!")

झालं होतं ते असं. आमचं गाव नांदूरघाटापासून जवळ. त्या साली मृगात दोन सरी पडल्या आणि मग आभाळानं गावाकडं बघितलंच नाही. अर्धं गाव ऊस तोडायला लांबच्या कारखान्यांवर गेलं, उरलेल्यांची जनावरं चारा छावणीत. मी दूध संस्थेच्या टेम्पोवर ड्रायव्हर. संस्थेत दूध इतकं कमी यायला लागलं की ते न्यायला टेम्पो नको, सायकल पुरली असती. तेव्हा चेअरमननी डोकं चालवलं. टेम्पोवर पाण्याची टाकी बसवली आणि मला गल्लोगल्ली पाणी वाटायला लावलं. (गावातले चहाटळ लोक म्हणायचे, "फरक काय पडला बे? आदी दुधात पानी व्हतं, आता नुसतं पानी हाय!")

एका दिवसात माझी किंमत वाढली. काल मला "ए टेम्पो" म्हणणारी माणसं "दत्ताभाऊ, आमच्या दारात आदी या" म्हणायला लागली. फक्त मायच्या लेखी मी दत्त्याच राहिलो. वडील मी लहान असतानाच गेले, मायनं दोन म्हशींवर मला वाढवलं, त्यामुळं माझ्या प्रत्येक कामावर शेरा मारायचा तिला पूर्ण अधिकार होता आणि तो ती एक दिवसही वाया जाऊ द्यायची नाही. मला धार काढता येत नव्हती, मला कडबा रचता येत नव्हता, मला धड शिंकतासुद्धा येत नव्हतं. "शिंकतो का छप्पर पाडतो रं?"

तर त्या दिवशी मी टेम्पो आमच्याच गल्लीत मागं मागं घेत आणला. मायनं शेजारणींच्या घागरी पायानं बाजूला सारल्या, आपलं पाण्याचं टिपाड पुढं ओढलं आणि टेम्पो नि टिपाड यांच्यामध्ये स्वतः उभी राहून वाहतूक पोलिसासारखे हात हलवायला लागली.

"येऊ दे... येऊ दे... येऊ दे..."

मी येऊ दिला.

"आरं बास!" हे मला ऐकू आलं. पण त्याच्या आधी एक 'कट्' असा आवाज झाला होता.

खाली उडी मारून बघतो तर माय भिंतीला टेकून बसलेली, डाव्या पायाची नडगी नको तिथं वाकलेली. मी "माय! माय!" करतोय, आणि ती दात आवळून म्हणते, "टिपाड फुटलं का बघ आदी!"

टिपाड शाबूत होतं. गल्लीतल्या सगळ्यांनी धावत येऊन मायला उचललं, त्याच टेम्पोत निजवलं आणि मग एक जण हळूच म्हणाला, "दत्ताभाऊ, टाकी भरल्याली हाय. गाडी जड पळंल. रिकामी करून घ्यावी का?" आणि मायच्या उशाशी नळ सुटला! पाणी सांडू नये म्हणून आत पडल्या पडल्या माय ओरडत होती, "तोटी नीट धरा गं! आन् माझं टिपाड भरा पयलं!"

दवाखान्यात पायात सळई घातली. मी बाहेर बाकड्यावर बसून रडलो. हसण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. एक म्हैस विकली, हातातलं सगळं गेलं, आणि डॉक्टर म्हणाले, "पुढं आणखी एक ऑपरेशन लागेल, नाहीतर काठी सुटणार नाही." ती रक्कम आणायची कुठून, हे ना मला ठाऊक ना उरलेल्या म्हशीला.

तेव्हा कुणीतरी वकिलाकडं पाठवलं. वकील चांगले होते, पण त्यांचं पहिलंच वाक्य ऐकून मी खुर्चीतून उठलो.

"तुमच्यावर दावा लावावा लागेल."

"माझ्यावर? अवो, मी तिचा मुलगा हाय!"

"असू द्या. आई टेम्पोची मालकीण नाही, ड्रायव्हर नाही. तिसरी व्यक्ती. ड्रायव्हर चुकला असेल तर भरपाई विमा कंपनी देते. चुकला असेल तर! कळलं ना?"

कळलं. मी निष्काळजी ठरलो तरच मायचा पाय सरळ होणार होता. चेअरमन आधी संस्थेच्या अब्रूचं काहीबाही बोलत होते, पण पैसे विमा कंपनी देणार हे ऐकल्यावर म्हणाले, "मग एकच कावून लावतो? दोन लाव!"

त्यासाठी पोलिसांत नोंद पाहिजे. मी गेलो.

हवालदारानं विचारलं, "तक्रार कुणाविरुद्ध?"

"दत्ता ड्रायव्हरविरुद्ध."

"कुठाय तो?"

"मीच."

"मग तक्रार कोण देतंय?"

"मीच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पकडून कुणी आणलं?"

"माझा मीच आलो, साहेब."

"नोकरीत असा आरोपी पहिल्यांदा बघितला," म्हणाले आणि मला चहा पाजला.

माय काठीवर उभी राहायला लागल्यावर तिला वकिलांकडं नेलं. वकिलांनी समजावून सांगितलं, "आजी, भरपाई दोन प्रकारची असते. एक पावतीवाली आणि एक बिनपावतीची. पावतीवाली म्हणजे दवाखाना, औषधं, गाडीभाडं, पुढचं ऑपरेशन, सकस आहार, सांभाळायला आलेलं माणूस, बुडालेली कमाई."

"सांभाळायला माझी बहीण आलती चौसाळ्याहून," माय म्हणाली.

"तिनं काय काय केलं?"

"च्या प्याली."

मी मध्ये पडलो. मावशी खरंच आली होती आणि खरंच चहा प्यायली होती. तिचे गुडघे धरलेले, त्यामुळं मायच काठी टेकत टेकत तिला चहा करून द्यायची. सकस आहाराचंही तसंच. सफरचंदं भेटायला येणाऱ्यांनी आणली आणि भेटायला येणाऱ्यांनीच खाल्ली. मायच्या वाट्याला पिशव्या आल्या.

वकिलांनी ते घाईनं ओलांडलं. "आता बिनपावतीची. पहिली म्हणजे वेदना. आजी, किती दुखलं?"

"ह्यो जन्माला आला तवा ह्येच्यापरीस जास्त दुखलं."

"ते नाही मागता येत."

"कावून? सामनेवाला तर त्योच हाय की!"

वकिलांनी चष्मा पुसला. "बरं. दुसरी, आयुष्यातल्या सुखाला मुकणं. म्हणजे अपघाताआधी तुम्हाला ज्यात आनंद वाटायचा आणि आता जे करता येत नाही, असं काही सांगा."

माय आठवायला लागली. आम्ही वाट बघितली. बाहेर दोन एसट्या येऊन गेल्या. मला वाईट वाटायला लागलं. आपल्या मायला कशात आनंद वाटतो हे आपल्यालाही माहीत नाही! मी सुचवलं, "जत्रा? भजन?"

"न्हाई," माय म्हणाली. "भांडन."

"काय?"

"पान्यावर भांडायला बरं वाटायचं. आता एका हातात काठी आसती. हातवारं करता येत न्हाईत. भांडनात जोरच येत न्हाई, साहेब." आणि तिचे डोळे खरोखर भरून आले.

वकिलांनी लिहिलं, "अर्जदार यांस गावच्या सामाजिक जीवनात पूर्वीप्रमाणे सक्रिय भाग घेता येत नाही."

साक्षीच्या आदल्या दिवशी त्यांनी मायला एकच गोष्ट पढवली. "तुमच्या मुलाची चूक होती, एवढंच सांगायचं. बाकी मी बघतो."

मी निर्धास्त होतो. माझ्या चुका सांगण्यात मायचा हात धरणारं माणूस जिल्ह्यात नव्हतं. वकिलांना मी उलट सांगून ठेवलं होतं, "सुरू झाली की थांबवा तेवढं. न्हाईतर पार बालवाडीपासून येईल."

विमा कंपनीचे वकील उभे राहिले. त्यांचं म्हणणं होतं की हा सगळा मायलेकांचा बनाव आहे, पाय दुसरीकडंच कुठंतरी मोडला आणि दोघांनी मिळून टेम्पोवर ढकलला. त्यांनी कमाईपासून सुरुवात केली.

"दुष्काळात म्हशी आटल्या होत्या. मग तुमची कमाई बुडाली कशी?"

"म्हैस आटली म्हून मी आटले का? शेन कोन काढतंय, चारा कोन घालतंय, घर कोन चालवतंय?" मायनं असं विचारलं की कारकून आपोआप "खरंय" म्हणाला.

मग ते मुख्य प्रश्नावर आले. "तुमच्या मुलानं टेम्पो निष्काळजीपणे मागं घेतला असं अर्जात आहे. खरं आहे?"

माय पिंजऱ्यातून माझ्याकडं बघायला लागली. मी मान हलवली. हो म्हण, माय, हो म्हण.

"खोटं हाय," माय म्हणाली.

आमच्या वकिलांच्या हातातलं पेन खाली पडलं.

"म्हणजे मुलाची चूक नव्हती?"

"तिळाएवढी न्हाई. माझ्या दत्तासारखा ड्रायव्हर आख्ख्या बीड जिल्ह्यात घावायचा न्हाई!"

जन्मात पहिल्यांदा मायनं माझं कौतुक केलं होतं, आणि तेसुद्धा शपथेवर! मी उठून ओरडलो, "साहेब, ती खोटं बोलती! मी लई निष्काळजी हाय!"

"गप ए!" माय पिंजऱ्यातून गरजली. "साहेब, त्येचं ऐकू नका. भोळं हाय ते."

न्यायाधीश साहेबांनी दोघांनाही गप्प बसवलं. विमा कंपनीच्या वकिलांचा चेहरा लग्नघरासारखा खुलला होता. ते तिथंच खाली बसले असते तर आमचा दावा तिथंच आडवा झाला असता. पण माणसाला आनंद झाला की एक प्रश्न जास्तीचा सुचतो.

"म्हणजे तो नीट आरशात बघून गाडी मागं घेत होता, असंच ना आजी?"

"तर वो! आरशातच बघत व्हता. मी ह्या डोळ्यांनी बघितलं."

"मग आरशात त्याला तुम्ही दिसलाच असाल!"

"मी कशी दिसंन? आरसा त्येच्या तोंडाकडं वळवल्याला व्हता. भांग पाडत व्हता की! लई टापटिपीचं पोरगं हाय, साहेब. चार बाया जमल्या की कंगवा फिरवल्याबिगर र्‍हात न्हाई."

मी माझ्या चपलांकडं बघायला लागलो. आरशाची ही गोष्ट मी वकिलांना सांगितली नव्हती, पोलिसांना सांगितली नव्हती. मायला कळली असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "एका हातात कंगवा होता. आणि दुसरा हात?"

"मिशीवर," माय अभिमानानं म्हणाली.

"मग स्टिअरिंग?"

"ते आपलं आपन चाललं व्हतं. टेम्पो लई गुनाचा हाय."

विमा कंपनीचे वकील हळूच खाली बसले. मागं कुणीतरी खोकल्याचं सोंग केलं, आणि न्यायाधीश साहेब बराच वेळ फाईलमध्ये तोंड घालून काहीतरी शोधत होते.

निकाल लागला. आमच्या वकिलांनी तो बाहेर झाडाखाली समजावून सांगितला. पढवून आणलेला साक्षीदार असं बोलत नाही, त्यामुळं बनावाची गोष्ट फेटाळली. ड्रायव्हरचा निष्काळजीपणा अर्जदारानंच सिद्ध केला. दवाखाना मंजूर, पुढचं ऑपरेशन मंजूर, बुडालेली कमाई, वेदना, सामाजिक जीवन, सगळं थोडं थोडं मंजूर. मावशीचासुद्धा खर्च मिळाला. फक्त मागं येणाऱ्या गाडीसमोर उभं राहिल्याबद्दल थोडा हिस्सा कापला होता.

मायनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी कोर्टानं ह्येला निष्काळजी ठरवलं?"

"हो."

"माझं कुनी ऐकलंच न्हाई मग!" आणि ती रुसून एसटी स्टँडच्या दिशेनं चालायला लागली.

दुसरं ऑपरेशन झालं. काठी सुटली. चालताना अजून थोडी झुकते, पण पाण्यावर दोन्ही हात मोकळे असतात आणि शेजारणी पुन्हा पूर्वीसारख्या वचकून आहेत. माझं मात्र वेगळंच झालं. ज्या कागदानं मायचा पाय सरळ केला, तोच कागद दाखवून चेअरमननी मला टेम्पोवरून खाली उतरवलं आणि दूध मोजायला बसवलं.

पुढं पाऊसपाणी बरं झालं आणि मी स्वतःची जुनी जीप घेतली. धुतली, हार घातला, आरसा नीट बाहेरच्या बाजूला वळवला आणि सगळ्या गल्लीदेखत म्हणालो, "माय, बस. तुला अंबाजोगाईला देवीच्या दर्शनाला नेतो."

मायनं जीपला हळदकुंकू लावलं. माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. जमलेल्या बायांना ठणकावून सांगितलं, "माझ्या दत्तासारखा ड्रायव्हर आख्ख्या जिल्ह्यात न्हाई!"

आणि पिशवी उचलून एसटीत जाऊन बसली.

मी रिकामी जीप घेऊन एसटीच्या मागं मागं निघालो. केजपर्यंत माय मागच्या काचेला नाक लावून बसली होती आणि दोन्ही हातांनी मला सारखी खुणावत होती, "लांब र्‍हा! लांब र्‍हा!"